द्वाडचं स्पेलिंग

शब्द तोंडातून सुटला आणि दुभाष्याला वाटलं, आपण कोणाला तरी मारलं. नुसता हात उगारला नाही, चांगली ताकद लावून मारलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली म्हातारी अजून तशीच उभी होती, ओठाच्या कोपऱ्यात जुनं काहीतरी आठवल्याचं हसू ठेवून. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे आपल्याला लागलंय हे तिला कळलं नव्हतं. सरकारी वकिलाला मात्र लगेच कळलं. त्यानं उलटतपासणीत एवढंच विचारलं होतं की आरोपी लहानपणी कसा होता. आणि आरोपीची आई, जिच्याकडून बचावाच्या वकिलाला दोन चांगले शब्द हवे होते, ती म्हणाली होती, "द्वाड होता हो. पहिल्यापासूनच द्वाड. जिवाला जरा म्हणून स्वस्थता द्यायचा नाही." दुभाष्याच्या जिभेनं क्षणभरही न थांबता त्याचं इंग्रजी केलं होतं: ही वॉज विकेड. विकेड फ्रॉम द व्हेरी बिगिनिंग. न्यायाधीशांनी मान वर केली, चष्म्यावरून म्हातारीकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं. त्यांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. म्हातारीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता तो दुभाष्याच्याच तोंडून. आई स्वतःच सांगते आहे की पोरगा जन्माचा दुष्ट आहे, मग पुढे बोलायचं काय राहिलं? सरकारी वकील 'थँक यू' म्हणाला आणि पोट भरल्यासारखा खाली बसला. जेवणाची सुट्टी झाली.

खून झाला होता यावर वादच नव्हता. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या त्या पोरानं मालकाच्या डोक्यात चाकं खोलायचा पाना घातला होता, एकदा नव्हे, मालक खाली पडल्यावरसुद्धा. प्रश्न एवढाच उरला होता की हे रागाच्या भरात झालं की मुळातच माणूस असा. रागाच्या भरात म्हटलं तर पोरगा तुरुंगात म्हातारा होणार होता. मुळातच असा म्हटलं तर म्हातारा व्हायची वेळच येणार नव्हती. आणि मुळाची साक्ष आईशिवाय कोण देणार?

दुभाष्या कागद गोळा करत होता तेव्हा खालच्या टेबलावरच्या स्टेनोबाईंनी बोटं मोडली. तेवीस जिल्हे फिरून आल्यासारखा चेहरा करून त्या रोज सुट्टीची वाट पाहायच्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "द्वाडला विकेड?"

"का?"

"काही नाही. माझी आजी मला 'मेली'च्या खालोखाल 'द्वाड'च म्हणायची. मी काय, तुमच्या तोंडून आलं ते बडवलं. कोशात असेल तसं."

कोशात होतं. तिथेच तर सगळी मेख होती. कोशात द्वाडपुढे पहिला शब्द तोच होता, आणि कोणत्या पानावर, कोणत्या बाजूला, हेही दुभाष्याला पाठ होतं. वर छपाईचा एक डाग होता. त्या डागावर एक बोट ठेवलेलं त्यानं पाहिलं होतं, खडूनं पांढरं झालेलं, नख नीट कापलेलं बोट. इतक्या वर्षांत इतके शब्द या भाषेतून त्या भाषेत नेले, हजारो माणसांच्या शिव्याशाप आणि आणाभाका नेल्या, पण हा शब्द कधी वाटेत आला नव्हता. आज आला आणि सरळ मास्तरांच्या बोटाखालून उचलून त्यानं तो कोर्टात ठेवला. काळजात चर्र झालं म्हणतात तसं काही झालं नाही. पाठ तेवढी आखडली, खांद्यापासून कमरेपर्यंत.

व्हरांड्यात म्हातारीनं त्याला गाठलं. साक्षीदाराशी बोलायचं नाही असा नियम आहे, पण तिला नियम कोण सांगणार, आणि सांगणार तर तो दुभाष्याच. तिनं पिशवी छातीशी धरली होती. "साहेब, नीट सांगितलंत ना माझं?" तिनं विचारलं. "मी आपली घाबरून गेले. पण त्या वकिलांना पटलेलं दिसलं. मला थँक्यू म्हणाले." तो हो म्हणाला. तिनं हात जोडले. लग्नाकार्यात जोडावेत तसे नाही, देवासमोर जोडतात तसे, आणि दुभाष्याला वाटलं की हिनं आत्ता आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तो बाथरूमकडे गेला आणि आतून कडी लावून घेतली.

मास्तर म्हणजे त्याचे वडील. घरातही सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आईसुद्धा. शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि घरी आल्यावर थांबायचे नाहीत. त्यांच्या हिशेबी मराठी ही ढिसाळ भाषा. सगळ्याच पोरांना वाईट म्हणते, सगळ्यांना एकाच मापानं झोडते. इंग्रजीत कसं, प्रत्येक वाईटपणाची जागा ठरलेली. आणि मास्तरांनी त्या जागांची एक शिडी केली होती. सगळ्यात खाली नॉटी, म्हणजे कान पिरगाळणं. त्याच्या वर बॅड, तळहातावर पट्टी. मग मीन, म्हणजे दुसऱ्याचं ओरबाडणारा, कद्रू. त्याला पट्टीची धार. त्यावर विकेड, आणि विकेडला कमरेचा पट्टा. ईव्हल सगळ्यात वर होता, पण त्याला काय ते मास्तर सांगत नसत. नुसते छताकडे बघत. गंमत अशी की शब्द गुन्हेगारानंच निवडायचा. "तू जे केलंस त्याला काय म्हणतात?" मास्तर विचारायचे, आवाज न चढवता. खालचा शब्द सांगून सुटायला बघावं तर लबाडीबद्दल एक पायरी वर. घाबरून वरचा सांगावा तर सांगितलेला मिळायचाच. नेमका शब्द नेमक्या क्षणी सांगायला दुभाष्या तिथे शिकला, आणि तो शिकलाही चांगलं. पुढे लोक म्हणायचे, याच्या जिभेवर इंग्रजी नाचतं. नाचतं कशावर ते कोण विचारतो? पट्ट्याला आणखी एक नियम होता. शब्दाचं स्पेलिंग म्हणायचं, मोठ्यानं, आणि एका अक्षराला एक फटका. डब्ल्यू. आय. सी. विकेडची अक्षरं सहा.

दादा त्याच्याहून मोठा. दादाला शब्द कधी सापडायचे नाहीत, आणि सापडले तरी तो मुद्दाम विसरायचा. एकदा परीक्षेच्या दिवशी दादानं मास्तरांच्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली आणि वॉल्व खिशात घालून स्वयंपाकघरात येऊन बसला. आई मटार सोलत होती. त्यानं वॉल्व तिच्या मटारांत टाकले, तिनं एक सोलायला घेतला, आणि कळलं तेव्हा तिला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईतो हसली. "मेला द्वाड आहे नुसता!" ती म्हणाली आणि मटारानं ओला झालेला हात तिनं दादाच्या केसांतून फिरवला. धाकटा दाराशी बसला होता. आपल्याला असं कधी म्हणतील, म्हणून तो वाट बघत होता. तेवढ्यात मागच्या दारानं सायकल ढकलत मास्तर आले. "काय म्हणालात?" त्यांनी आईला विचारलं. आईला वाटलं, हे पण हसणार. तिनं पुन्हा सांगितलं. मास्तर आत गेले आणि कोश घेऊन आले. जाड पुठ्ठ्याचा, दोन हातांनी धरायचा. पान काढलं, डागावर बोट ठेवलं, दादाला वाचायला लावलं. "मी नाही म्हणत," मास्तर म्हणाले, "तुझ्या आईनंच शब्द दिलाय."

बाथरूमचा नळ गळत होता. दुभाष्यानं तो घट्ट पिळला, इतका की तळहाताला वळ उठला. डब्ल्यूला दादा हसला होता. 'आय'ला आणि 'सी'ला हसू थांबलं. 'के'ला तो वळला, पळायला, आणि पुढच्या अक्षराला पट्ट्याचं बक्कल कानावर बसलं. कानातून रक्त आलं, आधी थोडं, मग मानेवरून शर्टात. आई उठली, तिच्या मांडीवरचे मटार घरभर सांडले, आणि मास्तरांनी दुसऱ्या हातानं तिला भिंतीवर असं ढकललं की फडताळातली भांडी पडली. डी राहिला होता. अर्धवट स्पेलिंग मास्तरांना खपत नसे. खाली पडलेल्या पोराला त्यांनी ते म्हणायला लावलं, आणि पुरं केलं. दाराशी बसलेल्या धाकट्याचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात दादाच्या आधी अक्षरं म्हणत होता, एकही चुकलं नव्हतं. त्या दिवसानंतर आई द्वाड म्हणाली नाही. द्वाडच काय, वांड नाही, चावट नाही, मेल्या नाही. मुलांना ती नुसत्या नावानं हाक मारायची, आणि हाक मारण्याआधी मास्तर कुठे आहेत ते बघायची. द्वाड म्हणवून घ्यायची धाकट्याची पाळी आलीच नाही. त्याला मिळाले ते मास्तरांचे शब्द.

आणि परवा, गॅरेजमधला दुसरा कामगार साक्ष देत होता तेव्हा काय झालं? दुभाष्यानं साक्षीदाराचं बोलणं साक्षीदार होऊनच सांगायचं असतं. 'तो म्हणतो की' असं म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. त्या कामगारानं पाना कसा वर गेला, कसा खाली आला, कवटी फुटल्यावर आवाज कसा बदलला ते सांगितलं, मालक कामगारांना त्याच पान्यानं कसा हाणायचा तेही सांगितलं, आणि दुभाष्यानं ते सगळं मी, मी करत इंग्रजीत सांगितलं. सांगताना त्याला दिसत होतं ते मालकाचं डोकं नव्हतं. मधोमध भांग पाडलेलं, तेल लावून चापून बसवलेलं दुसरंच डोकं होतं. त्याचा आवाज चढला होता. न्यायाधीशांनी हातानं खूण करून त्याला सावकाश सांगायला सांगितलं होतं. मास्तर अंथरुणात, स्वच्छ चादरीवर, सगळ्यांचा मान घेऊन गेले. त्यांच्या उशाशी बसून हा धाकटा त्यांना इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. पान्याच्या मुठीवर आपला हात कधी बसला नाही, आणि त्या मान खाली घालून बसलेल्या काळ्यासावळ्या पोराचा बसला. याचा हेवा वाटला होता. हेवा वाटला म्हणून तर जीभ इतकी झटकन चालली नाही ना? आपल्याला जे जमलं नाही ते करणाऱ्याला एक शब्द हाणून मोकळं व्हावं, असं तर नाही?

कॅंटीनमध्ये त्यानं चहा घेतला. शेजारच्या टेबलावर सरकारी वकील पावाला लोणी लावत होता आणि त्याचा नवा, हसरा ज्युनियर त्याच्याभोवती नाचत होता. तशी दुभाष्याची त्यांच्याशी ओळख होती, येता-जाता नमस्कार होता. "विकेड, सर!" ज्युनियर म्हणाला, "काय विकेड क्रॉस घेतलात! आईच्याच तोंडून!" हल्लीची पोरं तो शब्द असा वापरतात, हे दुभाष्याला पक्कं माहीत होतं. झकास, भन्नाट, तोड नाही, एवढाच अर्थ. लोक कसल्याही शब्दाचं कसलंही कौतुक करतात. नॉटी म्हणजे तर आता मोठ्या माणसांचे पांचट विनोद. हे सगळं माहीत असून तो उठला. ज्युनियरचा टाय त्यानं मुठीत धरला आणि त्याला मागच्या भिंतीपर्यंत नेऊन आदळलं. ज्युनियरचं डोकं भिंतीवर आपटलं. तो आवाज दुभाष्याला आवडला, म्हणून त्यानं पुन्हा आपटलं. "स्पेलिंग सांग," तो म्हणत होता, न ओरडता, अगदी हळू. "शब्द वापरतोस ना? मग स्पेलिंग सांग." ज्युनियरचा चेहरा आधी लाल, मग जांभळा होत गेला. एका हातानं तो दुभाष्याचं मनगट ओरबाडत होता, आणि खरोखर त्याच्या तोंडून डब्ल्यू आलं. डब्ल्यू, आय. दुभाष्याचा दुसरा हात आपोआप वर गेला होता. कोपरापासून मागे, पट्टा घेताना जातो तसा.

स्टेनोबाईंनी तो हात धरला. धरला म्हणजे त्याला लोंबकळल्याच. "सोडा! अहो, सोडा त्याला, मरेल तो!" खुर्च्या पडल्या, कोणीतरी चहा सांडला, सरकारी वकील "हे काय चाललंय काय?" म्हणत उभा राहिला पण लोण्याची सुरी हातातून ठेवायची विसरला. दुभाष्यानं टाय सोडला. पोरगा भिंतीला धरून खोकत होता. त्याच्या डोळ्यांत जी भीती होती ती दुभाष्याच्या ओळखीची होती. इतकी वर्षं ती आतून पाहिली होती, आज पहिल्यांदा समोरून पाहिली. माफी मागावी म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण दोन्ही भाषांतलं काहीच आलं नाही. स्टेनोबाई त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या. "तुमची नोकरी जाणार बघा," त्या म्हणाल्या. "आणि जावीच."

व्हरांड्याच्या टोकाला उभं राहून त्यानं दादाला फोन लावला. दादा एका कारखान्यात लेथवर होता. मागे लोखंड किंचाळत होतं. "कोण? थांब, कान बदलतो." मग आवाज जवळ आला. "बोल."

"दादा, आई तुला द्वाड म्हणायची. आठवतं?"

मागचं किंचाळणं थांबलं. दादानं यंत्र बंद केलं असावं.

"आठवतं म्हणजे? त्या कानानं ऐकलेलं शेवटचं चांगलं तेच आहे. का रे?"

"त्याचा अर्थ काय सांगशील?"

"मला विचारतोस? पंडित तू." दादा हसला. "मास्तरांना विचार, वर जाऊन."

"दादा, खरंच सांग. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"अर्थ काय असायचा," दादा म्हणाला. "आई हसत होती रे. बाकी मला माहीत नाही."

सुट्टी संपली. बेलिफानं पुकारा केला, सगळे उभे राहिले, बसले. ज्युनियरच्या गळ्यावर लाल पट्टा उमटला होता आणि तो मान खाली घालून काहीतरी लिहीत होता; बहुतेक तक्रारच. दुभाष्या बसला नाही. सकाळच्या साक्षीत आपल्याकडून एक शब्द चुकला आहे, तो दुरुस्त करायची परवानगी मिळावी, असं त्यानं सांगितलं. सरकारी वकील ताडकन उठला. आत्ताच या माणसानं आपल्या सहकाऱ्याचा गळा दाबला आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही, आणि दुभाष्याचं काम शब्द सांगण्याचं आहे, सुट्टीत विचार करून बदलण्याचं नाही. न्यायाधीशांनी वकिलाला बसायला सांगितलं. ते प्रकरण वेगळं, त्याचं काय ते संध्याकाळी बघू, ते म्हणाले. मग दुभाष्याकडे वळले. विकेड नाही, तर काय?

दुभाष्या उभाच होता. शिडी डोळ्यासमोर होती. तो सगळ्यात खालच्या पायरीवर उतरला. "नॉटी," तो म्हणाला.

कोर्ट हसलं. पत्रकार हसले, बेलिफ हसला, सरकारी वकील तर मान मागे टाकून हसला. माणसाची कवटी फोडणारा पोरगा नॉटी! न्यायाधीशांच्याही ओठाची कड हलली. दुभाष्याचे कान तापले. पायरी चुकली की एक वर जायचं असतं, हे त्याच्या हाडांत इतकं मुरलं होतं की त्याचा हात कमरेपाशी जाऊन थांबला. न्यायाधीशांनी शांतता करायला लावली आणि म्हातारीला पुन्हा उभं केलं. या शब्दानं तुम्हाला काय म्हणायचं होतं ते तिलाच विचारा, त्यांनी सांगितलं, आणि ती म्हणेल ते जसंच्या तसं सांगा. तुमची अक्कल त्यात घालू नका.

"आजी," दुभाष्यानं विचारलं, "तुम्ही सकाळी मुलाला द्वाड म्हणालात. म्हणजे काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

म्हातारी गोंधळली. एवढी शिकलेली माणसं, एवढं मोठं कोर्ट, आणि हे विचारतात? लोक कशाला हसले ते तिला कळलं नव्हतं. आपल्या लेकाला हसले एवढं कळलं होतं. तिनं आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस खाली घातलेली मान त्या पोरानं तो शब्द ऐकून पहिल्यांदा वर केली होती. मग तिनं दुभाष्याकडे पाहिलं, त्याचे डोळे, घामानं ओला शर्ट, तळहातावरचा वळ, आणि तिचा आवाज खाली आला. "असं काय विचारता साहेब," ती म्हणाली. "तुमची आई तुम्हाला कधी म्हणाली नाही?"

काय म्हणाली ती, सरकारी वकिलानं विचारलं. जसंच्या तसं सांगायचं होतं, आणि उत्तर द्यायची दुभाष्याला परवानगी नव्हती. त्यानं न्यायाधीशांकडे तोंड केलं आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं: डिड युवर मदर नेव्हर कॉल यू दॅट?

न्यायाधीशांना वाटलं, आपल्यालाच विचारलं. त्यांनी चष्मा काढला. कोणी हसलं नाही. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, मग ते खाली वाकून स्टेनोबाईंना म्हणाले की सकाळचा शब्द खोडा आणि साक्षीदाराचा शब्द आहे तसाच लिहा. काय होता तो? दुभाष्यानं सांगितला. स्टेनोबाईंनी बोटं टाइपयंत्रावर ठेवली, त्याच्याकडे वर पाहिलं आणि थांबल्या. कोर्टाच्या कागदावर हा शब्द आजवर कोणी चढवलाच नव्हता.

"स्पेल इट," न्यायाधीश म्हणाले.

दुभाष्याचे दोन्ही हात आपोआप टेबलावर टेकले आणि पाठ वाकली. तसंच उभं राहायची पद्धत होती. डी, तो मोठ्यानं म्हणाला, आणि खांद्यावर पहिला बसला. डब्ल्यू. ए. पाठ आतल्या आत ओली होत होती. समोर म्हातारी डोळे मोठे करून बघत होती की हा एवढा मोठा माणूस का कळवळतोय, आणि नकळत तिचा हात थोडा पुढे आला होता, कोणाच्या तरी केसांतून फिरवावा तसा. ए. त्यानं डोळे मिटले. डी. यंत्राची शेवटची कळ वाजली आणि थांबली. तो ओठ दाबून, तसाच वाकून, सहाव्या अक्षराची वाट पाहत उभा राहिला. ते आलंच नाही.